तार पिवळी होती

आमच्या गाडीला सीट नव्हती.
होती एक लांब तार,
गाडीच्या नाकापासून निघून
थेट आपल्या बेंबीपर्यंत आलेली.
टोकाला वेटोळं, तेच स्टिअरिंग.
गाडी पुढे, ड्रायव्हर मागे अनवाणी,
आणि इंजिन तोंडात.

किट्वेला, खाणकामगारांच्या वस्तीत
तार कोणी विकत घेत नसे, ती घरी येत असे.
सुरुंग उडून गेला की उरलेले तुकडे
वडिलांच्या डब्यातून यायचे,
न्शिमाच्या खरवडीला चिकटलेले.
माझा भाऊ कपेम्ब्वा डबा आधी हुंगायचा,
मग उघडायचा.

चाकं बूटपॉलिशच्या डब्यांची.
मागचा हौदा बियरच्या खोक्याचा,
कितीही धुवा, आंबटच.
दिव्यांच्या जागी टूथपेस्टची टोपणं.
नंबरप्लेट होती,
नंबर मात्र रोज वेगळा,
पोलिसांना सापडू नये म्हणून.

मुलींना लायसन नव्हतं.
का, ते कोणी विचारलं नाही, मीही नाही.
मी कच्चं लिंबू, म्हणून मला प्रवासी केलेलं:
गाडीमागून पळायचं,
पाण्याच्या पंपापाशी "उतरते" म्हणायचं
आणि भाडं द्यायचं, भुईमुगाच्या दोन शेंगा.
पळून पळून मीच दमायची
आणि भाडंही मीच द्यायची.
उरलेल्या वेळात मी आणि लुकुंदा
जमिनीत खळगा करून चियातो खेळायचो.
एक खडा वर उडवायचा,
तो हातात परत येईपर्यंत बाकीचे बाहेर ओढायचे.
त्यात मला कोणी हरवलं नाही.
ते कोणी पाहिलंही नाही.

एकदा कपेम्ब्वा तापाने फणफणला होता.
गाडी खाटेखाली.
मी ती ओढली तशी चाकं खडखडली,
आणि तो झोपेतच म्हणाला, "गिअर बदल."
मी बदलला.

बाना म्वेवांच्या भज्यांच्या कढईवरून,
वाळत घातलेल्या चादरींखालून,
भर उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना
मी गाडी पळवली. ओठ बधिर होईपर्यंत इंजिन चालवलं.
पंपाच्या वळणावर मागचा आस तुटला.
थुंकी लावून पिळला, जागेवर बसवला,
गाडी खाटेखाली.
चार दिवसांनी आळ मवापेवर आला.
कपेम्ब्वाने त्याला धुळीत लोळवला,
आणि मी खडे मोजत बसले.
आठ होते. पुन्हा मोजले. आठच.

एकतीस वर्षांनी, नाताळच्या आदल्या दिवशी
चहा गाळताना मी त्याला हे सांगितलं.
तो आता खरा ट्रक चालवतो,
तांब्याचे पत्रे घेऊन दार-ए-सलामपर्यंत.
सीट आहे, म्हणून तर कंबर गेली.
त्याने ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला.
"आस? आस कधी तुटलाच नव्हता.
ताप? मला? आणि तार हिरवी होती."
पिवळी, मी म्हणाले.
"हिरवी."
मवापेला आठवलं असतं, मार त्याने खाल्ला होता.
पण मवापे कुठे आहे
हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.
इतकी वर्षं जपून ठेवलेला गुन्हा
घ्यायला कोणी नाही म्हटल्यावर
त्याचं करायचं काय, मला कळेना.

भिंतीला माझ्या धाकट्याची गाडी टेकवलेली होती.
कपेम्ब्वा उठला. वेटोळं त्याच्या मांडीपर्यंतच आलं.
कमरेत वाकून, कण्हत,
त्याने अंगणात एक फेरी मारली.
उजवीकडे वळताना
अख्खा माणूस उजवीकडे कलला,
जीभ दातांत,
आणि दारात उभ्या माझा खांदा
मला न विचारता खाली गेला.

दुसऱ्या फेरीला मी मागून चालू लागले.
पेरूच्या झाडापाशी म्हणाले, उतरते.
त्याने मागे न बघता
हात पसरला.